रबराला बसलेला पीळ: २००२ च्या झेनचं एक प्रकरण

२०२४ च्या गणपतीनंतर, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, पुण्यातल्या बिबवेवाडीच्या एक काकू आपली झेन घेऊन माझ्या गॅरेजला आल्या. गाडी २००२ ची, पेट्रोल, मीटरवर १ लाख १८ हजार किलोमीटर. काकू बँकेतून निवृत्त झालेल्या. दर शनिवारी कोंढव्यातून बोपदेव घाटाने सासवडजवळच्या शेतावर जातात, स्वतः गाडी चालवत. तक्रार त्यांनी वहीच्या पानावर लिहून आणली होती. स्पीडब्रेकरवरून पुढचं चाक उतरताना डावीकडून ‘खट्ट’ आवाज येतो. ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते, सोडला की सरळ होते. घाट उतरताना स्टेअरिंग दोन्ही हातांनी दाबून धरावं लागतं.

गिऱ्हाईक इतकं नेमकं सांगायला लागलं की माझं अर्धं काम तिथेच होतं. ‘गाडी ओढते’ एवढ्यावर मला काहीच कळत नाही. पण ‘ब्रेक दाबला की ओढते, सोडला की सरळ’ म्हटल्यावर शोध निम्म्यावर येतो.

सोबत बिलांची फाइल होती. दोन वर्षांपूर्वी पुढचे दोन्ही शॉक अॅब्सॉर्बर नवीन. एप्रिल २०२४ मध्ये दोन्ही लोअर आर्मचे बुश (जोडात बसणारे रबरी तुकडे) आणि स्टॅबिलायझर बारचे बुश, कंपनीच्या पाकिटातले. महिनाभर गाडी छान चालली, मग आवाज हळूहळू परत आला. जूनमध्ये ब्रेक ओढतात म्हणून कॅलिपर (ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) उघडून साफ केले. एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, तीनदा. शेवटी त्यांना सांगण्यात आलं होतं की पार्ट डुप्लिकेट लागला असेल, नाहीतर गाडीच आता जुनी झाली.

“अहो, मला खरं सांगा,” काकू म्हणाल्या, “विकायची वेळ आलीय का हिची?”

नव्हती आली. पार्टही डुप्लिकेट नव्हता. चांगला पार्ट चुकीच्या वेळी आवळला गेला होता. ही चूक रोज कुठल्या ना कुठल्या गॅरेजमध्ये होते, माझ्या हातूनही सुरुवातीच्या काही वर्षांत झाली आहे, आणि तिचा भुर्दंड गाडीवाल्याला बसतो, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितोय.

झेनचं पुढचं चाक कशाच्या आधारावर उभं असतं

मारुतीने झेन १९९३ मध्ये आणली आणि २००६ मध्ये बंद केली. तिचं पुढचं सस्पेन्शन त्या काळच्या छोट्या मारुती गाड्यांसारखंच, साधं आणि हलकं. वर मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेला खांब), खाली एकच आडवा लोअर आर्म. आर्मच्या बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट, आतल्या टोकाला एक बुश. हा आतला बुश चाकाला वरखाली हलू देतो. पण एकाच बुशवर टांगलेला आडवा आर्म चाकाला पुढे-मागे सरकण्यापासून अडवू शकत नाही. ते काम स्टॅबिलायझर बार करतो. त्याचं टोक लोअर आर्ममध्ये रबरातून बसवलेलं असतं, आणि पुढे तो दोन डी-बुशमधून (इंग्रजी डी अक्षराच्या आकाराच्या बुशमधून) बॉडीला धरलेला असतो. म्हणजे वळणावर गाडी झुकू न देणं आणि ब्रेक लागल्यावर चाक मागे न जाऊ देणं, ही दोन्ही कामं त्या एका दांड्याची.

त्यामुळे दुसऱ्या एखाद्या गाडीत स्टॅबिलायझरचा बुश गेला तर नुसता आवाज येतो आणि माणूस सहा महिने तसाच चालवतो. झेन, ८००, जुनी अल्टो या गाड्यांत तसं करून चालत नाही. तो बुश ढिला झाला की ब्रेक लावताच चाक मागे सरकतं, बॉल जॉइंट मागे गेला की त्या बाजूचा कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) कमी होतो, आणि कॅस्टर ज्या बाजूला कमी त्या बाजूला गाडी ओढते. काकूंच्या कागदावरची दुसरी ओळ वाचली तेव्हाच माझी नजर डाव्या स्टॅबिलायझर बुशकडे गेली होती. पण संशयावर पाना उचलायचा नसतो.

आधी बाकीचं तपासून बाजूला केलं. हवा चारही चाकांत सारखी भरली. पुढचे टायर डावे-उजवे बदलून पाहिले, ओढ डावीकडेच राहिली. काकूंना चालवायला लावून मी शेजारी बसलो. पद्मावतीपर्यंत जाऊन आलो आणि उतरल्या उतरल्या दोन्ही पुढच्या रिमजवळ हात नेला. दोन्हीकडे ऊब सारखीच, म्हणजे कॅलिपर अडकत नव्हता.

अलाइनमेंटच्या तीन कागदांपैकी एकावर कॅस्टरचे आकडे होते. डावा उजव्यापेक्षा एक अंशाहून जास्त कमी, समोर लाल खूण. तो आकडा कुणी वाचलाच नव्हता. कारण झेनला पुढे फक्त टो (चाकं समोरून किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) जुळवता येतो, कॅस्टरला जुळवायचा स्क्रूच नाही. जे फिरवता येत नाही ते वाचायचं कशाला, असा विचार होतो. माझं मत नेमकं उलट आहे. जो आकडा जुळवता येत नाही तोच चुकलेला दिसला, तर काहीतरी वाकलंय किंवा सुटलंय हे मशीन आपल्याला सांगत असतं. बुश ढिले असताना केलेली अलाइनमेंट पहिल्या ब्रेकपर्यंतच टिकते. तीन वेळचे पैसे असेच गेले.

पिटवर

मदतनीस आत बसला, मी गाडीच्या बाजूला उभा. या तपासणीत गाडीच्या समोर किंवा खाली कुणीच थांबायचं नाही. पहिला गिअर, क्लच थोडा सोडून गाडी जागची हलताच ब्रेक, मग रिव्हर्समध्ये तसंच. मडगार्डच्या कडेवर आणि टायरवर खडूची एकेक खूण केली होती. उजवं चाक किंचित हललं. डावं चाक ब्रेकसरशी कमानीत मागे गेलं, सेंटिमीटरभर सहज, आणि रिव्हर्सला तेवढंच पुढे आलं. काकूंना बोलावून दाखवलं. आपण पाच महिने जे हातांनी सावरत होतो ते डोळ्यांनी पाहिल्यावर त्या काही वेळ नुसत्या बघत राहिल्या.

मग इंजिन बंद करून खाली, पिटच्या खड्ड्यात उतरलो. टॉमी (लोखंडी पहार) घालून डाव्या आर्मचं आतलं टोक उचललं, तर लोखंडी नळी रबरात मोकळी खेळत होती. रबर नळीपासून अर्ध्याहून जास्त घेरात सुटलं होतं. ‘खट्ट’ तिथला. डाव्या बाजूच्या डी-बुशला हात लावला तर बोटाला काळं चिकट आलं. बसवताना सोपं जावं म्हणून कुणीतरी ग्रीस लावलं होतं. साधं ग्रीस खनिज तेलाचं असतं. नैसर्गिक रबर ते पितं, फुगतं आणि मऊ पडतं. नख दाबलं तर खूण तशीच राहिली. असल्या रबरात बार कसा धरून राहणार? उजव्या डी-बुशलाही ग्रीस होतं, पण थोडं.

उजव्या आर्मचा बुश वरून धडधाकट दिसत होता. टॉमीलाही दाद देत नव्हता. इथे थांबून एकच डावा बुश बदलला असता तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत उजवा फाटला असता आणि कारण कुणालाच कळलं नसतं. पाच महिन्यांत रबर नुसत्या खड्ड्यांनी फाटत नाही, अगदी आपल्या रस्त्यांवरसुद्धा. म्हणून एक छोटी परीक्षा घेतली.

गाडी चारही चाकांवर, पिटवरच उभी. उजव्या बुशची जी नळी ब्रॅकेटच्या दोन कानांमध्ये आवळलेली असते, तिच्या कडेवर आणि ब्रॅकेटवर मिळून पांढऱ्या पेंटची एक बारीक सरळ रेघ ओढली. पेंट वाळू दिला. मग पाना लावून बोल्ट हळूहळू ढिला करत गेलो. तिसऱ्या आट्याला ‘कट्’ असा आवाज झाला आणि नळी एकदम फिरली. रेघ तुटली. ब्रॅकेटवरचं आणि नळीवरचं टोक यांच्यात दोन-अडीच मिलिमीटरचं अंतर पडलं. इतके दिवस नळीभोवती पिळून धरलेलं रबर सुटलं होतं. त्याबरोबर गाडीचा उजवा कोपरा चार-पाच मिलिमीटर खाली बसला.

डाव्या बाजूला हीच परीक्षा केली तर काहीच हललं नाही. तिथला पीळ रबर फाटून केव्हाच निघून गेला होता.

बोल्ट कधी आवळायचा

बुश म्हणजे नुसती रबराची गादी नाही. आतली नळी बोल्टने ब्रॅकेटमध्ये घट्ट धरलेली, बाहेरचा घेर आर्मच्या कडीत घट्ट बसलेला. आर्म वरखाली होतो तेव्हा नळी फिरत नाही, कडीही घसरत नाही, मधलं रबर पिळलं जातं आणि परत सरळ होतं. म्हणून ज्या स्थितीत आपण बोल्ट आवळतो, ती स्थिती रबराची विश्रांती ठरते.

आता आकडे बघा. या झेनचं चाक जमिनीवर असताना हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत ३४ सेंटिमीटर भरलं. जॅकवर उचलून चाक लोंबकळू दिलं तर ४२. फरक ८ सेंटिमीटरचा. आर्मची लांबी साधारण ३३ सेंटिमीटर, म्हणजे आर्म १४ अंशांच्या आसपास खाली झुकलेला. चाक असं लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर रबराची विश्रांती तिथे ठरली. गाडी खाली उतरवली की ते १४ अंश पिळलं जातं आणि चोवीस तास पिळलेलंच राहतं, गाडी सोसायटीत उभी असली तरी. ओला पंचा पिळून तसाच खुंटीला टांगून ठेवावा तसं. त्यात खड्डा आला, चाक वर गेलं, की पीळ वीस अंशांपुढे. चाक जमिनीवर असताना आवळलेल्या बुशला तोच खड्डा यातला जेमतेम तिसरा हिस्सा पीळ देतो. नळीचा बाहेरचा व्यास दोन सेंटिमीटर धरला तर १४ अंशांची सरक बरोबर दोन-अडीच मिलिमीटर येते. पेंटच्या रेघेने हेच सांगितलं होतं.

ही चूक होण्यामागे आळस असतोच असं नाही. दोन खांबांच्या लिफ्टवर गाडी बॉडीला धरून उचलली जाते आणि चारही चाकं लोंबकळतात. फिटरला उभं राहून, उजेडात, सगळे बोल्ट हातासरशी मिळतात. लावले, आवळले, गाडी खाली. खाली आणल्यावर तिथे हातच जात नाही. चार खांबांच्या लिफ्टवर किंवा जुन्या पद्धतीच्या पिटवर गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहते, तिथे हे काम नीट होतं. म्हणून गॅरेजची जागा बदलताना मी पिट सोडला नाही.

डावा बुश आधी का फाटला, उजवा का नाही, याचं माझं उत्तर अनुभवातलं आहे. आपण डाव्या कडेने चालतो, आणि ड्रेनेजची झाकणं, खणून बुजवलेले चर, पाणी साचून उखडलेला डांबराचा काठ, हे बहुतेक डाव्या कडेलाच असतं. पिळलेल्या रबराला पहिले धक्के तिथे बसले.

पार्ट आणि बसवणी

पार्ट आणायला मी स्वतः नाना पेठेत गेलो. झेन म्हटलं की हल्ली दुकानदार आधी विचारतो, “झेन का एस्टिलो?” नाव सारखं असलं तरी एस्टिलो वेगळीच गाडी, तिचा माल हिला चालत नाही. बुश घेताना मी तीन गोष्टी बघतो. पाकिटावरची तारीख, कारण रबर कपाटातही म्हातारं होतं. रबर अंगठ्याने वाकवून बारीक चिरा दिसतात का. आणि आतली नळी रबरापेक्षा दोन्ही बाजूंनी किंचित बाहेर आहे का. नळी आखूड असेल तर ब्रॅकेटचे कान नळीऐवजी रबरावर दाबतात, नळी कधीच धरली जात नाही, आणि बोल्टभोवती फिरत राहते. पहिल्या दुकानात दाखवलेल्या जोडीतली एक नळी अशीच आखूड निघाली. व्हर्नियर खिशात असतं ते यासाठी.

पीयू (पॉलियुरेथेनचे) बुश टाका, रबरापेक्षा टिकतात, असं काकूंच्या भाच्याचं म्हणणं होतं. पीयू टिकतं हे खरं. पण ते कडक असतं, हादरे बॉडीत जास्त येतात, वेळोवेळी त्याचं ग्रीस न दिल्यास कुरकुरतं. आठवड्याला एक घाट आणि बाकी बिबवेवाडी ते बाजार एवढ्यासाठी मी ते सुचवणार नाही. बावीस वर्षांपूर्वी कारखान्यात बसवलेलं साधं रबर याच गाडीच्या मागच्या बाजूला अजून काम करत होतं. मागचे ट्रेलिंग आर्म आणि आडवा रॉड कुणीच उघडले नव्हते. त्यांच्या बुशवर बारीक भेगा होत्या, पण टॉमीने हलवून पाहिलं तर प्ले (ढिलेपणा) नव्हता. ते मी तसेच ठेवले. वरवरच्या भेगा हे बदलण्याचं कारण नव्हे.

डाव्या बॉल जॉइंटचं रबरी टोपण फाटलेलं होतं आणि आत माती गेली होती. या गाडीत बॉल जॉइंट आर्मचाच भाग आहे, त्यामुळे डावीकडे पूर्ण आर्म घेतला. उजवा बॉल जॉइंट घट्ट होता, तिकडे फक्त बुश. उजवा धडधाकट दिसत असूनही बदलला, कारण पाच महिने पिळलेल्या रबरावर पुढची पाच वर्षं टाकायची माझी तयारी नव्हती.

जुना बुश काढायला काहीजण गॅस कटरने रबर जाळतात. धूर तर होतोच, पण आर्मची कडी तापून रंग जातो आणि तिथूनच गंज धरतो. रबराची एका बाजूची कड धारदार पात्याने कापली की प्रेसवर बुश सरळ बाहेर येतो. कडी एमरी पेपरने आतून साफ केली. नवीन बुशला साबणाचं पाणी लावलं, ग्रीस नाही, तेल नाही. साबणाचं पाणी वाळून जातं आणि रबर कडीला धरून बसतं. प्रेस सावकाश दाबत रबर दोन्ही बाजूंनी सारखं बाहेर येईपर्यंत नेलं, दोन्हीकडे पट्टी लावून मोजलं, आणि आर्म रात्रभर ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही आर्म, स्टॅबिलायझरचे टोकाचे बुश आणि दोन्ही डी-बुश कोरडेच बसवले. बारवरचं जुनं ग्रीस आधी पूर्ण पुसलं होतं. सगळे बोल्ट फक्त हाताने, नट टेकेपर्यंत. चाकं लावली, गाडी पिटवर उतरवली. जॅकवरून उतरलेली गाडी लगेच खऱ्या उंचीवर बसत नाही, टायर रुंदीत अडकून राहतात. म्हणून ती चार-पाच फूट पुढे-मागे ढकलली आणि बॉनेट दोन्ही हातांनी दाबून सोडलं. ड्रायव्हर सीटवर काकूंच्या वजनाइतकं वाळूचं पोतं ठेवलं. हबपासून कडेपर्यंत पुन्हा मोजलं. ३४ च्या आसपास आल्यावर खाली उतरून टॉर्क रेंचने शेवटचं आवळलं, आधी आर्मचे बोल्ट, मग डी-बुशच्या पट्ट्या, मग टोकाचे नट. आणि दोन्ही आर्मच्या नळी-ब्रॅकेटवर पेंटची नवीन रेघ ओढली.

ज्यांच्याकडे पिट नाही त्यांनी पुढची दोन्ही चाकं लाकडी ठोकळ्यांवर चढवावीत, मागच्या चाकांना अडण लावावं, मगच खाली जावं. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जायचं नाही. आर्मखाली जॅक देऊन चाक ३४ पर्यंत उचलायचीही एक रीत आहे. पण झेन हलकी आहे, स्टँडवरून उचलली जाऊ शकते. मी ती टाळतो.

शेवटी अलाइनमेंट. टो जुळवला, आणि कॅस्टर कुणी हात न लावता दोन्हीकडे जवळजवळ सारखा आला. सगळा खर्च अलाइनमेंट धरून चार हजारांच्या आत.

पहिल्या फेरीला काकूंनी स्पीडब्रेकर दिसला की आधीच अंग आवळून घेतलं. आवाज आला नाही तरी त्या दोन-तीन स्पीडब्रेकरपर्यंत तशाच बसल्या होत्या. स्टेअरिंग पूर्ण वळवलं की वरून एक बारीक ‘टिक’ मात्र ऐकू येत होतं. तो उजव्या स्ट्रटच्या वरच्या बेअरिंगचा आवाज, आधी मोठ्या आवाजाखाली दबलेला. ते बेअरिंग पंधरा दिवसांनी, बोल्ट पुन्हा तपासायला बोलावलं तेव्हा बदललं.

यंदाचा पावसाळा संपल्यावर गाडी परत पिटवर घेतली. मधल्या काळात सात हजार किलोमीटर झाले होते, बहुतेक घाटातले आणि बिबवेवाडीतल्या खणलेल्या रस्त्यांवरचे. पुढचे दोन्ही टायर आतून-बाहेरून सारखे झिजलेले. काकू म्हणाल्या, मलाही बघायचंय, आणि पदर खोचून पायऱ्या उतरल्या. मी टॉर्च धरला. रबर कोरडं, नळीला चारही बाजूंनी चिकटलेलं. चिखल बोटाने पुसल्यावर पेंटची रेघ दिसली, नळीवरून ब्रॅकेटवर सरळ गेलेली.

“आणि मागचे?” त्यांनी विचारलं.

मागच्या डाव्या ट्रेलिंग आर्मच्या बुशला आता थोडा प्ले आला आहे. २०२७ मध्ये गाडी पुन्हा नोंदणीला न्यायची आहे. त्याआधी, पुढच्या उन्हाळ्यात ते करायचं ठरलंय.